छोट्या मिलिंगवर जिबचे स्क्रू चेकनट असूनही सैल होतात, उपाय काय?

बीड_आणि_कानस

मशीन एक्स२ धाटणीचं, बेंचवर बसणारं. टेबलाला सरळ जिब आहे (सरकणाऱ्या भागांमधला खेळ काढणारी पट्टी), ती दाबायला एम५ चे, म्हणजे ५ मिमी आट्यांचे ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे) आणि त्यांवर चेकनट (स्क्रू जागेवर धरणारा नट). डायल (सूक्ष्म हालचाल मोजणारं घड्याळ) लावून, टेबलाचं टोक ढकलून-ओढून ०.०२ मिमी खेळ ठेवतो. बिडावर फ्लायकटरने (एकाच पात्याच्या फिरत्या कटरने) दोन-तीन तास काम झालं की तोच खेळ ०.०८ दाखवतो. स्प्रिंग वॉशर टाकून पाहिले, काही फरक नाही. चेकनट जोरात आवळला तर टेबलच जड होतं. निळं लॉकटाइट (आटे चिकटवणारा द्रव) टाकावं का? पुढे परत सेटिंग करता आलं पाहिजे.

फिटर४२

काहीही टाकण्याआधी स्क्रूच फिरतोय का हे नक्की करा. ऑइल पेंट मार्करने स्क्रूच्या तोंडावरून चेकनटवर आणि तिथून सॅडलवर (टेबलाखालचा भाग, ज्यात हे स्क्रू आहेत) अशी एकच रेघ ओढा. तासाभराने बघा. रेघ तुटली असेल तर स्क्रू किंवा नट फिरला. रेघ जशीच्या तशी असून खेळ वाढला असेल तर जिब बसतेय: कपाच्या आकाराचं टोक जिबमध्ये रुततंय, नाहीतर मिलिंगच्या खरखरीत खुणा घासून जातायत. अशा वेळी जगातलं कुठलंही लॉकटाइट उपयोगाचं नाही. जिब बाहेर काढा, बर कानसीने उतरवा, सरफेस प्लेटवर (अचूक सपाट पाटावर) खुणेचा निळा रंग लावून किती जागी टेकते ते पाहा.

अंदाजासाठी हिशेब असा. एम५ चा पिच (एका फेऱ्यात स्क्रू सरकतो ते अंतर) ०.८ मिमी, म्हणजे ०.०२ मिमीसाठी स्क्रू फक्त ९ अंश फिरावा लागतो. १०० मिमी लांब ॲलन कीचं टोक तेवढ्यात साधारण १६ मिमी सरकतं. तुमचा ०.०६ चा फरक म्हणजे २७ अंश, रेघेवर डोळ्यांनी सहज दिसेल.

स्लाइडवेज

रेघ तुटलेली निघेल असं धरून लिहितो.

हा स्क्रू मुळात आवळलेला नसतो, सगळी गोम त्यात आहे. इंजिनाच्या हेड बोल्टला ताण दिलेला असतो, त्या ताणामुळे आट्यांत घर्षण टिकतं. जिबचा स्क्रू नुसता टेकलेला. ताण दिला की टेबल जाम. म्हणून स्प्रिंग वॉशरने काही साधलं नाही.

त्यातून बहुतेकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट. कट घेताना जो अक्ष हलवायचा नाही तो आपण लॉक करतो. लॉकचा स्क्रू जिबला डव्हटेलकडे (स्लाइडच्या तिरक्या कडेकडे) दाबतो, आणि त्याच क्षणी शेजारच्या सेटिंग स्क्रूंच्या टोकावरचा उरलासुरला दाबही जातो. म्हणजे फ्लायकटरचे ठोके सर्वांत जास्त बसत असताना हे स्क्रू पूर्ण मोकळे, धरून ठेवणारा एकटा चेकनट. रेघ लॉकच्या जवळच्या स्क्रूंवर आधी तुटलेली दिसली तर कारण हेच समजा.

तेव्हा पकड टोकावर शोधू नका, आट्यांत निर्माण करा. पण त्याआधी जिबचं पुढेमागे सरकणं थांबवा. टेबलाची दिशा बदलली की जिब अर्धा मिलिमीटर त्याच्याबरोबर जाते आणि प्रत्येक स्क्रूचं टोक आडवं ओढते. आटे मोकळे व्हायला हे आडवं घासणंच पुरतं.

कृती: जिब जागेवर बसवा, खाली ०.२ मिमीची फीलर पट्टी ठेवा म्हणजे ती तळाला घासणार नाही, दोन्ही टोकांना पाचर मारून पक्की करा. ४.२ मिमी ड्रिल स्क्रूच्या भोकातून हातानेच फिरवून खूण करा (एम५ च्या आट्यांत हे ड्रिल बरोबर मार्गी चालतं). जिब काढून त्या खुणांवर ३.६ मिमीने सुमारे १ मिमी खळगा पाडा, मग टोक सपाट घासलेल्या ड्रिलने तळ सपाट करा. स्क्रू डॉग पॉइंटचे (पुढे बारीक सपाट दांडी असलेले) घ्या, जर्मन मानक डीआयएन ९१५. एम५ ला त्याचं टोक ३.५ मिमीचं असतं, ते खळग्यात बसतं. कारखान्यातून आलेले खळगे भोकाशी जुळतात असं समजू नका. अर्धा मिलिमीटर सरकलेला खळगा जिबला एका बाजूला ढकलतो आणि सेटिंग कधीच स्थिर होत नाही.

जांभळी_बाटली

लॉकटाइटचं: निळं २४३ नको, जांभळं २२२ घ्या. छोट्या स्क्रूंसाठी तेच आहे. २४३ सुद्धा हत्याराने सुटतं, पण एम५ ग्रबला चावी २.५ मिमीची. आटे लांबवर चिकटले की आधी षटकोन गोल होतो आणि मग गरम करायची वेळ येते.

आटे ॲसिटोनने दोनदा धुवा, बीड छिद्रांत तेल धरून ठेवतं. थेंब स्क्रूच्या मधल्या आट्यांवर लावा, टोकाकडचे दोन आटे कोरडे. भोकात ओतलंत तर स्क्रू ते पुढे ढकलून जिबवर नेईल. सेटिंग लगेच पूर्ण करा आणि २४ तास कट घेऊ नका. पुढच्या वेळी स्क्रू फिरवलात की पकड मोडली. थोडा खरखरीतपणा राहील, पण तो हिशेबात धरू नका. साफ करून नवा थेंब.

दर आठवड्याला सेटिंग करणाऱ्याने नायलॉन पॅचचे (आट्यांवर नायलॉनचा थर असलेले) ग्रब स्क्रू वापरावेत. टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे हा जुगाड चालतो, पण चार-पाच वेळा फिरवल्यावर टेप फाटते. आणि नायलॉनचा तुकडा स्क्रू आणि जिबच्या मध्ये घालू नका, बाजारात हा सल्ला हमखास मिळतो. जिब स्प्रिंगवर बसल्यासारखी होते, कटच्या जोराने मागे जाते.

बीड_आणि_कानस

रेघ तुटली, लॉकच्या दोन्ही बाजूंच्या स्क्रूंवर. दोन्ही टोकांकडचे स्क्रू जागेवर आहेत. चेकनट आवळताना सेटिंग बदलतं त्याचं काय करायचं?

स्लाइडवेज

दोन उलट गोष्टी एकदम होतात. स्क्रू धरला नाही तर नट त्याला सोबत फिरवतो आणि जिब घट्ट होते. तुमचं जड टेबल त्यातलं. स्क्रू ॲलन कीने धरला तर नट त्याला आट्यांच्या मोकळिकीइतका बाहेर ओढतो आणि जिब किंचित सैल पडते. म्हणून स्क्रू धरूनच आवळा आणि सुरुवातीला ५ ते १० अंश जास्त घट्ट ठेवा. तुमच्या मशीनचा आकडा दोन-तीनदा डायलवर पाहिला की कळेल. नट पातळ, डीआयएन ४३९, एम५ ला उंची २.७ मिमी, पाना ८ चा. नटाखालची जागा कच्च्या ओतकामाची असेल तर सपाट करून घ्या, नाहीतर नट एका कडेवर टेकून स्क्रू वाकडा करतो.

प्रत्येक स्क्रू आवळला की टेबल पूर्ण लांबीभर फिरवून पाहायचं, मग पुढचा. मधे सैल आणि टोकांना जड असेल तर स्क्रू पिळू नका, मधली स्लाइड झिजलीय.

फिटर४२

चेकनटाला जागा नसेल तर एकाच भोकात दोन ग्रब बसतात, खाली ६ मिमी, वर ५ मिमी. इथे परिणाम नटाच्या उलट: वरचा खालच्याला आत ढकलतो, जिब घट्ट होते. त्यामुळे आधी थोडं सैल ठेवायचं.

भोकाचे आटेच ढिले असतील तर एम६ × ०.७५ बारीक पिचचा टॅप मारा, ड्रिल ५.२. आट्यांचा चढ ३.२ वरून २.५ अंशांच्या आसपास येतो, स्क्रू आपोआप फिरायला कमी धजतो आणि सेटिंगही नाजूक होतं. टॅप सरळ राहावा म्हणून सॅडल काढून ड्रिल प्रेसखाली धरा, हाताने नको.

एक्स३ सारख्या टेपर (लांबीभर निमुळत्या) जिबच्या मशीनवाल्यांनी वरचं सगळं सोडून द्यावं. तिथे दोन्ही टोकांचे स्क्रू जिबला टेकलेले हवेत. एक सोडून दुसरा आवळा आणि शेवटी सोडलेला परत टेकवा. तो राहून गेला की जिब स्वतःच चालू लागते, आणि टेबल एका दिशेला जाम तर दुसऱ्या दिशेला सैल लागतं.