नर्सिंगमधला ताण: मन घट्ट करून टिकायचं की सरळ राजीनामा द्यायचा?

रातपाळी: मेडिसिन वॉर्डला स्टाफ नर्स आहे. हल्ली ड्युटीला निघतानाच धडधडायला लागतं. नाईटला आम्ही दोघीच, इकडे सलाईन संपत आलेलं, तिकडे कुणाचं सॅच्युरेशन खाली आलेलं आणि त्यात नातेवाईक अंगावर धावून येतात, वर हँडओव्हर देऊन सुटेपर्यंत रोजचा उशीर. काम मनापासून आवडतं म्हणूनच जास्त जिवाला लागतं. आता हॉस्पिटलने मनोबल वाढवायचं ट्रेनिंग ठेवलंय. त्याने खरंच फरक पडतो का?

जुनी सिस्टर: ताई, आधी हे डोक्यातून काढा की तुम्हीच कुठेतरी कमी पडताय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून रिकामं होण्याची, व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटलेलं नाही, कामावरचा सततचा ताण नीट हाताळला गेला नाही की होणारी अवस्था म्हटलंय. म्हणजे मूळ कामाच्या जागेत आहे. पेशंट नुसता बेड नंबर वाटायला लागला, कुणाचं काही वाटेनासं झालं की समजायचं पाणी डोक्यावरून गेलं. तुम्ही अजून तिथवर गेलेल्या नाही.

एमएस्सीवाली: ट्रेनिंग अगदीच फुकट नसतं हं. व्यवस्थापनाचे अभ्यासक फ्रेड ल्युथान्स यांनी मानसिक भांडवल म्हणून जे मांडलंय त्यात आशा, आत्मविश्वास, चिवटपणा आणि आशावाद अशा चार गोष्टी येतात आणि त्या वाढवता येतात, जन्मजातच असाव्या लागतात असं नाही. ज्या नर्सेसकडे हे जास्त असतं त्यांच्यात नोकरी सोडायचा विचार कमी दिसतो, असं बऱ्याच अभ्यासांत आलंय. पण माझं मत विचाराल तर हे हॉलमध्ये बसून स्लाईड बघून येत नाही, नवीन मुलगी पहिल्यांदा क्रॅश कार्ट, म्हणजे इमर्जन्सीच्या औषधांची ट्रॉली, उघडते तेव्हा सिनियर शेजारी उभी राहून "अॅड्रेनालिन भर, मी आहे" म्हणते ना, तिथे येतं.

रोस्टर: पटलं, पण दोघींवर अख्खा वॉर्ड असेल तर शेजारी उभं राहायला सिनियर आणायची कुठून? नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन यांचा २००२ चा पेनसिल्व्हेनियातला अभ्यास बघा, नर्समागे एकेक पेशंट वाढला की बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली आणि सर्जरीच्या पेशंटच्या मृत्यूची ७ टक्क्यांनी. कॅलिफोर्नियात तर २००४ पासून एका नर्सकडे जास्तीत जास्त किती पेशंट हे कायद्यानेच बांधून दिलंय. स्टाफ न वाढवता नुसतं मनोबल वाढवा म्हणणं म्हणजे सगळं ओझं पुन्हा नर्सच्याच डोक्यावर.

रातपाळी: वाचून खूप बरं वाटलं. मग नेमकं करू काय?

जुनी सिस्टर: रागाच्या भरात राजीनामा देऊ नका. प्रत्येक नाईटला पेशंट किती, स्टाफ किती, कुठलं औषध उशिरा गेलं, सुटलात किती वाजता हे लिहून ठेवा आणि दोघीतिघींनी मिळून मेट्रनना लेखी द्या, तोंडी सांगितलेलं हवेत विरतं. सोबत वॉर्ड बदलाचा अर्जही द्या. धडधड थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवाच, ते अंगावर काढू नका. एवढं करूनही काही हललं नाही तर खुशाल दुसरीकडे बघा, ते हॉस्पिटल सोडलं म्हणजे नर्सिंग सोडलं असं होत नाही.