मदत हवी आहे: घरात फुल क्रीम दूध की डबल टोन्ड?

नमस्कार मंडळी. मुलगी 22 वर्षांची, नुकतीच पुण्यात नोकरीला लागली आहे. यावेळी घरी आली ती डबल टोन्डची पिशवी घेऊनच. म्हणाली, "आई, मी आता हेच पिणार. रूमवर सगळ्याजणी हेच घेतो."

मी पिशव्या शेजारी ठेवून वाचल्या. फुल क्रीममध्ये 6 टक्के फॅट, टोन्डमध्ये 3, डबल टोन्डमध्ये 1.5. म्हणजे 200 मिलीच्या पेल्यात फुल क्रीमचं अंदाजे 12 ग्रॅम फॅट आणि डबल टोन्डचं 3 ग्रॅम, फरक बराच आहे. कॅल्शियम आणि प्रथिनं मात्र फॅट काढल्याने जात नाहीत, हे मला पटलंय. अ आणि ड जीवनसत्त्व स्निग्धांशाबरोबर कमी होतं, म्हणून ते वरून घातलेलं, '+एफ' चिन्ह असलेलं दूध बघून घेते.

माझी काळजी वेगळी आहे. ती सकाळी फक्त एक पेला दूध पिऊन निघते, दुपारपर्यंत पोटात दुसरं काही नाही. फुल क्रीमने तिला जड वाटायचं, पण भूक धरायची. आता अकरालाच बिस्किटांचा पुडा फोडते.

तुमच्या घरातल्या विशी-पंचविशीतल्या मुलांनी असं दूध बदललंय का? भुकेचं काय केलंत? दुधासोबत सकाळी पटकन होणारं, पोटभरीचं काय देता? आणि डबल टोन्डचं दही घट्ट लागतं का? माझं दोनदा पाणी सुटलं, विरजण तेच नेहमीचं होतं. अनुभव असेल तर नक्की सांगा.