मदत हवी आहे: व्यस्तचलन नेमकं ओळखायचं कसं? (उदबत्तीने घोळ घातलाय)

लेक आठवीत आहे, राज्य मंडळ, मराठी माध्यम. सध्या ‘चलन’ चालू आहे, म्हणजे समचलन आणि व्यस्तचलन. आमच्या वेळचं सम प्रमाण-व्यस्त प्रमाणच ते, म्हणून मी ऐटीत शिकवायला बसलो आणि तोंडावर आपटलो.

सुरुवात मजुरांच्या गणिताने झाली. ८ मजूर एक काम १५ दिवसांत करतात, तर १२ मजुरांना किती दिवस लागतील? तिने डोळे झाकून तिरका गुणाकार मारला, उत्तर साडेबावीस दिवस. म्हटलं, “अगं, माणसं वाढल्यावर काम लवकर उरकेल की लांबेल?” तर म्हणे, “लवकर. पण उत्तर असंच येतंय ना.”

मग मी नियम दिला: एक वाढलं की दुसरंही वाढतं ते सम, एक वाढलं की दुसरं घटतं ते व्यस्त. दोन दिवस सुखात गेले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी देवापुढे उदबत्ती लावली, तर ही पट्टी घेऊन हजर. मसाल्याचा भाग २० सेंमी. २० मिनिटांनी १२ सेंमी उरला, ३० मिनिटांनी ८. “वेळ वाढतो, उदबत्ती घटते, म्हणजे व्यस्त.” मला पटत नव्हतं, पण का ते सांगता येईना. वर तिने गुणाकारही करून दाखवला, २० × १२ = २४० आणि ३० × ८ = २४०. “बघ बाबा, जुळलं!”

आता मी काय बोलणार? जाणकारांनी सोडवा.

पाटीपेन्सिल:
हा हा, मुलगी हुशार आहे. चूक तुमच्या नियमात आहे, तिच्या मोजमापात नाही. ‘वाढतं-घटतं’ ही फक्त चाहूल. खूण वेगळी: समचलनात भागाकार कायम राहतो, व्यस्तचलनात गुणाकार. आणि कायम म्हणजे प्रत्येक नोंदीला, सोयीच्या दोन नोंदींपुरता नाही.

तिला १० व्या आणि ४० व्या मिनिटाचं विचारा. तुमच्या आकड्यांवरून ती १० मिनिटांत ४ सेंमी जळतेय. म्हणजे १० मिनिटांनी १६ सेंमी उरणार, गुणाकार १६०. ४० मिनिटांनी ४ सेंमी, पुन्हा १६०. मधल्या दोन नोंदी योगायोगाने जुळल्या, एवढंच. शिवाय ५० मिनिटांनी उदबत्ती संपते, म्हणजे शून्य. शून्याला कशानेही गुणून २४० आणून दाखव म्हणावं.

निवृत्त मास्तर:
वरचं उत्तर बरोबर. एक भर घालतो. तिला उरलेली नको, *जळालेली* उदबत्ती मोजायला सांगा. १० मिनिटांत ४, २० मिनिटांत ८, ३० मिनिटांत १२. भागाकार दर वेळी ०.४. हे चोख समचलन आहे! उदबत्ती तीच, घड्याळ तेच, पण कोणत्या दोन राशींची जोडी लावली त्यावर सगळं ठरतं. वर्गात मुलं इथेच घसरतात, कारण गणितात काय मोजलंय ते वाचायच्या आधीच हात तिरक्या गुणाकाराला लागलेला असतो.

मजुरांचं गणितही तसंच करून घ्या. सूत्र बाजूला ठेवा आणि विचारा, यात न बदलणारं काय? तर काम. ते किती हजेऱ्यांचं? ८ × १५ = १२० हजेऱ्या. त्या १२ जणांत वाटल्या की प्रत्येकी १०, म्हणजे १० दिवस. शेतावर कांदे काढायला माणसं लावणारा मुकादम हाच हिशेब तोंडी करतो. पेपरात मात्र ‘चलनाचा स्थिरांक के = १२०’ अशी पायरी लिहायला लावा, पायऱ्यांना गुण असतात.

जाता जाता: हे दोन प्रकार आपल्याकडे फार जुने. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) त्रैराशिक आणि व्यस्त त्रैराशिक अशी वेगळी नावंच आहेत.

रानवाट:
दोन्ही वाढतात म्हणून सम, हेही फसवं आहे हं. रिक्षाचंच घ्या. मुंबई-पुण्यात पहिल्या दीड किलोमीटरला किमान भाडं. अर्धा किलोमीटर गेलात काय नि एक गेलात काय, पैसे तेच. चौरसाची बाजू दुप्पट केली तर क्षेत्रफळ चौपट. आणि एक शर्ट दोरीवर तीन तासांत वाळतो, तर पाच शर्ट किती तासांत? माझ्या भाच्याने बेधडक पंधरा लिहिलं होतं.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. शर्टाचं विचारलं, तर आधी “पंधरा” आणि मग स्वतःच “दोरी पुरेल ना?” दोरी पुरत असेल तर तीनच, हे तिचं तिने काढलं.

काल खात्री करायला दुसरी उदबत्ती लावली, दर दहा मिनिटांनी नोंद. १० मिनिटांनी १६ सेंमीला किंचित कमी भरली, पट्टी धरताना राख पडली म्हणे. पण गुणाकार १६० च्या आसपास आल्यावर व्यस्तचलनाचा हट्ट सोडला. तिसरी लावायला निघाली होती, तोवर आजीने पुडा उचलून फळीवर ठेवला.