मदत हवी आहे: ६.५ क्रीडमूर काडतुसासाठी कुठला रिलोडिंग डाय (काडतुसं घरी भरायचा साचा) घ्यावा?

नमस्कार मंडळी,

नेमबाजीचा नाद असलेले काही जण इथे आहेत, म्हणून विचारतोय. मी टेक्सासमध्ये असतो. रायफल बोल्ट अ‍ॅक्शन, ६.५ क्रीडमूर. शिकार नाही; कागदी आणि लोखंडी लक्ष्यं, फार तर ६०० यार्डांपर्यंत. (वाद नको म्हणून आधीच सांगतो: स्वतःच्या वापरापुरती काडतुसं घरी भरणं इकडे कायदेशीर आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार त्याला परवाना लागतो, तेव्हा तिकडच्यांनी नुसतं वाचा.)

सध्या दोन डायचा साधा सेट आहे. एक फुल लेंग्थ सायझिंगचा (उडवलेलं रिकामं काडतूस पूर्ण लांबीत दाबून पुन्हा मापात आणणारा), एक बुलेट बसवायचा (सीटर). १०० यार्डांवर तक्रार नाही. ६०० ला मात्र मधूनच एखादी गोळी गट सोडून जाते. भरलेलं काडतूस रनआउट गेजवर (काडतूस किती वाकडं फिरतं ते दाखवणारं साधन) ठेवून फिरवलं, तर कुठे काटा जेमतेम १ थाउ (इंचाचा हजारावा भाग) हलतो, कुठे ४-५. सगळी एकाच बैठकीत भरलेली!

रेंजवर विचारलं तर व्यक्ती तितक्या प्रकृती. कुणी म्हणतं रेडिंग कंपनीचा बुशिंग डाय (नेक, म्हणजे काडतुसाची मान, बदलता येणाऱ्या कड्याने आवळणारा) घे, कुणी म्हणतं ली कंपनीचा कॉलेट डाय स्वस्त आणि मस्त, एक काका तर म्हणाले मायक्रोमीटर सीटरशिवाय (बुलेट किती खोल बसवायची ते आकड्यावर लावायचा डाय) सगळं व्यर्थ. आत्ता एकच वस्तू घेणं परवडेल. कुठली घेऊ?

टूलरूमवाला (चिंचवड):
रायफल कधी हातात धरली नाही, पण डाय बनवण्यातच हयात गेली. खरेदीचं नंतर बघा. आधी दोष कुठल्या टप्प्यावर शिरतोय ते शोधा. उडवलेलं ब्रास (काडतुसाचं पितळी कवच) जसं निघालं तसं गेजवर फिरवा, मग सायझिंग झाल्यावर, मग बुलेट बसवल्यावर. तिन्ही वेळचे आकडे लिहून काढा. सीटर बदलून सायझिंगचा दोष जात नसतो.

धागाकर्ता:
टूलरूमवाले काका, फिरवून पाहिलं. उडवलेल्या ब्रासची नेक १ थाउच्या आत. सायझिंगनंतर ३-४. बुलेट बसवल्यावर त्यात किंचित भर. मग डायच्या दांड्यावरचा एक्स्पांडर बॉल काढून सायझिंग केलं, तर पुन्हा १ च्या आसपास!

रानवारा (कोलोराडो):
मग चोर सापडला की. साध्या डायमध्ये नेक आधी गरजेपेक्षा जास्त आवळली जाते आणि ब्रास बाहेर ओढताना तो बॉल तिला आतून परत फुगवतो. या ओढाताणीत नेक वाकडी होते. नेकच्या आतून वंगण लावत नसाल तर आणखीच. फुकटातला उपाय म्हणजे आतून थोडं ड्राय ल्यूब लावून बघा, बराच फरक पडतो.

विकतच घ्यायचा तर फुल लेंग्थ बुशिंग डाय घ्या. बुशिंगचं माप अंदाजाने मागवू नका. तुमच्याच ब्रासमध्ये तुमचीच बुलेट बसवून नेकचा बाहेरचा व्यास मोजा आणि त्यातून २-३ थाउ वजा करा. समजा ०.२९१ इंच आला, तर बुशिंग ०.२८९ किंवा ०.२८८. ब्रासची कंपनी बदलली की नेकची जाडी बदलते, तेव्हा पुन्हा मोजायचं. आणि एक्स्पांडर बॉल काढूनच वापरा.

लीचा कॉलेट डाय वाईट नाही. आतल्या मँड्रेलवर (दांड्यावर) नेक दाबतो, त्यामुळे ती सरळ राहते आणि वंगणही लागत नाही. पण तो फक्त नेकपुरता. काही वेळा उडवल्यावर बोल्ट जड लागू लागतो, मग शोल्डर (नेकखालचा उतार) मागे ढकलायला बॉडी डाय (नेक सोडून बाकीचं कवच दाबणारा) घ्यावाच लागतो. मी दर वेळी फुल लेंग्थच करतो, शोल्डर २ थाउ मागे. कंपॅरेटरने (शोल्डरपर्यंतची लांबी मोजायचं साधन) मोजून, डाय पार शेलहोल्डरला (काडतूस तळाशी धरणारा भाग) टेकवून नव्हे.

मायक्रोमीटर सीटर ही सोय आहे. दोन-तीन प्रकारच्या बुलेट वापरत असाल तर आकडा फिरवला की काम झालं, एवढंच. मात्र तुमच्या सीटरचा स्टेम (बुलेट दाबणारा आतला दांडा) तपासा. लांब टोकदार बुलेटचं टोक स्टेमच्या तळाला टेकत असेल तर लांबी दर काडतुसाला बदलते. स्टेमने टोकाच्या खाली, निमुळत्या भागावर पकडलं पाहिजे.

आणि ६०० ला सुटलेली प्रत्येक गोळी रनआउटच्या नावावर टाकू नका. आधी वारा बघा, राव.

धागाकर्ता:
स्टेम टोकाला टेकत नाहीये, बुलेटवर खालच्या बाजूला बारीक गोल वळ दिसतो. म्हणजे सीटर राहू दे, बुशिंग डाय मागवतो. बुशिंग दोन्ही घेऊ की एकच?

रानवारा:
वळ बारीकच असेल तर ठीक, खोल असेल तर स्टेमची कडा बारीक पॉलिश पेपरने मारून घ्या. बुशिंग दोन्ही घ्या. ब्रास नवं असताना ०.२८९ पुरतं. चार-पाच वेळा उडवलं की ते कडक होऊन उसळी घेतं, मग ०.२८८ लागतं. अ‍ॅनीलिंग (नेक तापवून मऊ करणं) करत असाल तर दुसरं कदाचित डब्यातच राहील.

टूलरूमवाला:
नवा डाय आला की आधी उघडून आतून पुसा. कारखान्यातून निघताना गंज धरू नये म्हणून तेल मारलेलं असतं.