स्प्रिंगचा मोठा घडीचा चाकू: बागेत ठीक, पण खिशात घेऊन फिरावं का? (मदत हवी)

नमस्कार मंडळी,

प्रश्न चाकूचा आहे, पण संत्र्याच्या बागेतल्या कामाचा. गैरसमज नको.

मामेभाऊ अमेरिकेहून आला होता, तो जाताना एक घडीचा चाकू देऊन गेला. पातं चार इंची, मूठ तळहातात मावत नाही इतकी, वर खिशाला अडकवायची क्लिप. तिकडे याला असिस्टेड ओपनिंग म्हणतात. पात्याच्या बुडाशी एक छोटा कान बाहेर आलेला आहे. तो बोटाने थोडा रेटला की पुढचं काम आतली स्प्रिंग करते आणि पातं खट्टकन उघडून लॉक होतं. बटण कुठेही नाही.

कामाला चाकू झकास. एका हातात ठिबकची नळी धरली तरी दुसऱ्या हाताने उघडता येतो. खताच्या पोत्याची शिवण, सुतळी, डिंक्या रोग लागलेल्या बुंध्याची सडकी साल बोर्डो मलम (मोरचूद-चुन्याचा लेप) लावायच्या आधी खरवडणं, सगळं होतं. सल (वाळलेल्या फांद्या) काढायला मात्र कात्री आणि आरीच बरी. डोळे भरायला (कलम करायला) तर हा घेऊच नये, तिथे पातळ लहान पातं लागतं.

अडचण बागेबाहेर आहे. मागे बाजाराच्या दिवशी मिरचीच्या पोत्याची सुतळी कापायला काढला, तर चहाच्या टपरीवरची सगळी मंडळी वळून पाहायला लागली. एक जण म्हणालाच, "हे तं रामपुरी दिसून रायलं!" घरी बाबांचं म्हणणं, "इळा घिऊन गावभर फिर, कोनी इचारत नाही. हे काढलं का लोकं पाह्यतेतच." मला ते पटतं, पण पटणं वेगळं आणि कायदा वेगळा.

मामेभाऊ म्हणतो, अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात 2009 साली दुरुस्ती होऊन असे चाकू बटणाच्या चाकूंवरच्या निर्बंधांतून वगळले. आपल्याकडे काय? वरूडहून एसटीने अमरावतीला जाताना खिशात राहिला तर चालतं का? दुसरं म्हणजे, आता तो अर्ध्यात अडकतो. स्प्रिंग गेली का?

प्रतिसाद 1
अमेरिकेचं अमेरिकेत राहू द्या. आपल्याकडे शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 पाहायचे. नियमांतल्या यादीत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, घरगुती आणि शेतीकामासाठी बनवलेली वगळून. तुमचा त्या मापात बसत नाही. पण एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली हत्यारं घेऊन फिरायला मनाई करणारे आदेश निघतात, सणासुदीला आणि निवडणुकीत तर हमखास. त्या कलमात चाकू, काठी, लाठी हे शब्दच आहेत आणि पात्याचं माप दिलेलं नाही. आदेश मोडला तर कलम 135 लागतं. आणखी एक, वरूडला आदेश जिल्हादंडाधिकाऱ्यांचा, पण अमरावती शहरात पोलीस आयुक्तालय आहे, तिथला आदेश वेगळा. म्हणजे एसटी शहरात शिरली की हद्द बदलते.

दिल्लीत बटणाच्या आणि तशाच यांत्रिक चाकूंसाठी पात्याच्या लांबीचं 7.62 सेंमीचं माप वेगळं ठरवलेलं आहे. ते इकडे लावून कोणी घाबरवत असेल तर ऐकू नका, पण दिल्लीला जाताना मात्र घरीच ठेवा.

प्रतिसाद 2
भाऊ, मी तं सरळ सांगतो. पोळ्याच्या गर्दीत असा चाकू खिशात असनं म्हंजे उगाच झंझट. तुमी संत्र्यासाठी ठेवला हे तुमाले माहीत, नाक्यावरच्या जमादाराले काय माहीत? बागेतल्या खोलीत खिळ्याले अडकवून ठेवा, गड्याले बी सापडते.

प्रतिसाद 3
स्प्रिंग बहुतेक शाबूत आहे, डिंकाने धरलं असेल. बंद असताना पातं एका छोट्या छर्ऱ्याने अडकून राहतं, तो छर्रा पात्यातल्या खळग्यात बसतो. तुम्ही रेटा देऊन त्याला पार केलं की स्प्रिंग जोर लावते. पातं ज्यावर फिरतं त्या खिळीपाशी डिंक आणि माती बसली की तो जोर पुरत नाही. कोमट पाण्यात साबण घालून जुन्या टूथब्रशने घासा, उन्हात पूर्ण वाळवा, मग शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब. जास्त घातलं तर धूळ आणखी चिकटते. खिळीचा स्क्रू फार आवळलेला असेल तर किंचित सैल करा, पण चाकू पूर्ण उघडून स्प्रिंग काढायला जाऊ नका. ती उडाली तर पुन्हा बसवताना घाम फुटतो.

संत्र्याच्या रसाचं पातं तसंच मिटून ठेवू नका, डी2 पोलाद असेल तर डाग धरतंच. आणि खिशात ठेवायचाच झाला तर पात्याची पाठ खिशाच्या शिवणीकडे येईल असा क्लिपने लावा, म्हणजे चुकून कान दाबला गेला तरी शिवण पात्याला उघडू देत नाही. मळ्यात वाकून काम करताना हे फार कामाचं.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. धुऊन वाळवला, निम्मा फरक पडला. बाजाराला आणि अमरावतीला जाताना आता साधी कात्री पिशवीत, हा बागेतच. त्या स्क्रूला चांदणीसारखं सहा टोकांचं भोक आहे, साधा पेचकस बसत नाही. तो पाना वरूडमध्ये कुठे मिळेल?

प्रतिसाद 3
मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे विचारा. टी6 किंवा टी8 मापाचा पाना लागेल. विकत घ्यायची गरज नाही, तिथेच बसून सैल करून घ्या. फक्त दुकानात गर्दी नसताना जा.