मदत हवी आहे: पाऊस लागला की आरसीसीबी पडते

गुहागरजवळ घर, सिंगल फेज. मेनला ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच). टेस्ट बटण चालतं. पावसाची झड लागली की ती पडते आणि अख्खं घर अंधारात.

डीबीतून (घरातल्या वीज वितरणाच्या पेटीतून) विहिरीवरच्या पंपाच्या फेज-न्यूट्रल दोन्ही वायरी काढल्या, तर टिकते. पंप सोडवून नुसती केबल जोडली तरी पडते. म्हणजे दोष जमिनीखालच्या केबलीतच, असं मला वाटतं. चिऱ्याच्या गडग्यापाशी तिच्या जोडावरची टेप ओली, हिरवट झालीय.

वायरमन म्हणतात, आरसीसीबी काढून टाका, एमसीबी (जादा करंट झाला की तोडणारा स्विच) आहेच. ते नकोच, एमसीबी गळती ओळखत नाही आणि विहिरीवर ओल्या पायांनी वावर असतो.

पावसात सगळी केबल उकरणं अवघड. तोवर पंपाची लाइन तोडून ठेवलीय. फक्त जोड कापून वॉटरप्रूफ केला, तर ५०० व्होल्ट मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) किती रीडिंग आल्यावर लाइन पुन्हा जोडावी? आणि पंपाला वेगळी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी द्यायची, तर ती घरच्या आरसीसीबीच्या आधी मेनवरून घ्यायची ना?