ऊर्जाव्यय, ऊर्जाखर्च की श्रमऊर्जा?

टिपणवही:
शेतीवर राबणाऱ्या ग्रामीण लोकांचं रोजचं 'एनर्जी एक्स्पेंडिचर' कसं मोजतात, यावरचा अहवाल मराठीत आणतोय. कोशात 'ऊर्जाव्यय' सापडला. विषय शेतकऱ्यांचा आहे, तर 'श्रमऊर्जा' जास्त शोभेल का?

अडकित्ता:
शोभेल, पण अर्थ चुकेल. श्रमऊर्जा म्हटलं की वाचक नांगरणी-खुरपणीच धरणार. मोजतात ती चोवीस तासांची बेरीज. झोपेतला श्वास, हृदयाचे ठोके, अन्नाचं पचन, सगळं त्यात येतं. नुसतं जिवंत राहायला लागते ती मूलभूत चयापचय ऊर्जा. भरपूर कष्ट करणाऱ्यांतही दिवसाच्या बेरजेतला निम्म्याच्या आसपासचा वाटा तिचाच.

एकूण खर्चाला या मूलभूत खर्चाने भागलं की 'फिजिकल ॲक्टिव्हिटी लेव्हल' मिळते. तिला 'पातळी' म्हणू नका, ते गुणोत्तर आहे, एकक नसलेलं. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या 2001च्या तज्ज्ञ-बैठकीनुसार 1.40 ते 1.69 म्हणजे बैठी किंवा कमी हालचालीची जीवनशैली आणि 2.00 ते 2.40 म्हणजे भारी कष्टाची. गाम्बियातल्या शेतकरी बायकांचा आकडा कामाच्या हंगामात दोनच्या जवळ आला होता.

उंबरठा:
माझं मत 'ऊर्जाखर्च'. 'व्यय' पाठोपाठ 'अपव्यय' ओढून आणतो. 'ऊर्जावापर' तर नकोच, तो खाल्लेल्या कॅलरींनाही लागू पडतो, आणि या विषयात आहार नि खर्च एकमेकांत मिसळले की संपलंच!

टिपणवही:
आणि हा खर्च मोजायला प्यायला देतात ते 'डबली लेबल्ड वॉटर'?

अडकित्ता:
दुहेरी खुणेचं पाणी. त्यातल्या ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) आणि ऑक्सिजन-18 (जड ऑक्सिजन) या खुणा स्थिर समस्थानिकांच्या, म्हणजे त्याच मूलद्रव्यांच्या आपोआप न विघटणाऱ्या जड अणूंच्या आहेत, तेव्हा 'किरणोत्सारी' हा शब्द चुकूनही येऊ देऊ नका. ड्यूटेरियम शरीराबाहेर जातं ते पाण्यावाटे. ऑक्सिजन पाण्यावाटेही जातो आणि कार्बन डायऑक्साइडमधूनही. दोन्हींच्या वेगातल्या फरकावरून कार्बन डायऑक्साइड किती तयार झाला ते कळतं, त्यावरून ऊर्जा. माणूस आपलं काम करत राहतो, एक-दोन आठवडे लघवीचे नमुने तेवढे द्यायचे.

दुसरी रीत म्हणजे घड्याळ घेऊन बांधावर बसायचं आणि कोणी किती मिनिटं काय केलं ते लिहायचं, मग प्रत्येक कामाला मिनिटाला किती ऊर्जा लागते त्या दराने मिनिटांना गुणायचं. खुरपताना बाई मध्येच उठून पाठ सरळ करते, तो वेळ 'खुरपणी'त धरला की आकडा फुगतो. म्हणून या रीतीला 'मोजमाप' न म्हणता 'अंदाज' म्हणा.

उंबरठा:
'दैनंदिन'वरही एक टीप हवी. ती त्या एक-दोन आठवड्यांची सरासरी असते. पेरणीतला आकडा वाचकाने वर्षभराचा समजू नये.

टिपणवही:
ठीक, ऊर्जाखर्च घेतो. आकडे मेगाज्यूलमध्ये आहेत, त्यांचे उष्मांक करू?

अडकित्ता:
मेगाज्यूलच ठेवा. पहिल्या उल्लेखाला 1 मेगाज्यूल म्हणजे सुमारे 239 किलोकॅलरी एवढं द्या. उष्मांक म्हणजे कोणी कॅलरी धरतं, कोणी किलोकॅलरी. हजारपटीचा घोळ!